थोराड अंग, कोवळी हाडं

पिल्लू घरी आणताना बहुतेक लोक दोन गोष्टी बघतात: पंजे किती मोठे आहेत आणि अंगाने किती गुबगुबीत आहे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या चणीच्या जातींत तर वजन हेच तब्येतीचं प्रमाणपत्र समजलं जातं. चार महिन्यांचं पिल्लू सहा महिन्यांचं वाटलं की मालकाला धन्यता वाटते, आणि तसं वाटलं नाही तर टॉनिकची बाटली येते. गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर जे काम झालं आहे ते एकत्र मांडून पाहिलं तर ही समजूत टिकत नाही. मोठ्या जातीचं पिल्लू शेवटी किती मोठं होणार हे बहुतांशी त्याच्या रक्तात ठरलेलं असतं. पाळणाऱ्याच्या हातात मुख्यतः वेग असतो. हा वेग जितका वाढवावा तितका सांध्यांचा धोका वाढतो. शरीराबाबत जे खरं आहे ते काहीशा वेगळ्या रीतीने स्वभावाबाबतही खरं आहे. अंग थोराड दिसलं तरी आतलं जनावर अजून बाळच असतं, आणि त्याच्याबाबत होणाऱ्या बऱ्याचशा चुका वयाऐवजी आकार पाहिल्यामुळे होतात.

आधी आकडे पाहू. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः साधारण ५०० ते ७०० ग्रॅमचं असतं आणि दीड-दोन वर्षांत ५० ते ७० किलोंवर जातं, म्हणजे जन्मवजनाच्या जवळजवळ शंभर पट. माणसाचं मूल तीन किलोंवरून साठ किलोंवर, म्हणजे वीस पटीवर, जायला अठरा वर्षं घेतं. लहान जातीचा कुत्रा आठ-दहा महिन्यांत पुरता वाढतो. लॅब्रॅडॉरला वर्ष-सव्वा वर्ष लागतं आणि ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डला १८ ते २४ महिने. म्हणजे मोठ्या जाती रोज कितीतरी जास्त वजन चढवतात आणि तरीही त्यांची वाढ सर्वांत उशिरा पुरी होते. ऐन भरात, तिसऱ्या ते पाचव्या महिन्यांत, ग्रेट डेनचं पिल्लू दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढतं. पाचव्या महिन्याच्या आसपास ते प्रौढ वजनाच्या निम्म्यावर पोचलेलं असतं, पण ज्या हाडांवर हे वजन उभं असतं त्यांची टोकं अजून कूर्चेची असतात. वजन पुढे आणि सांगाडा मागे, असं हे अंतर वर्षभर चालतं. मोठ्या जातींचे वाढीच्या काळातले बहुतेक आजार या अंतरातले आहेत.

हाड लांब होतं ते त्याच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ चकत्यांमधून. तिथे पेशी वाढतात, रांगेने मागे सरकतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. वाढ संपली की चकती हाडात मिसळून बंद होते. पुढच्या पायात मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं समांतर असतात. त्यांतल्या बाहेरच्या हाडाची, अल्नाची, सुमारे ८५ टक्के लांबी मनगटाजवळच्या एकाच चकतीतून येते. या चकतीला इजा झाली, किंवा तिथल्या कूर्चेचं हाड होणं रेंगाळलं, तर अल्ना मागे राहते आणि शेजारचं हाड वाढतच जातं. मग पाय धनुष्यासारखा वाकतो आणि पंजा बाहेर वळतो. असा पाय दिसला की घरोघरी एकच निदान होतं: कॅल्शियम कमी पडलं. ते कधी बरोबर असतं आणि कधी अगदी उलट. या फरकावरच पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

आकार रक्तात असतो हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवलं की लहान आणि मोठ्या जातींतल्या फरकाचा मोठा भाग आयजीएफ-१ या एका जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांशी जोडलेला आहे. त्याआधी २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रेट डेन आणि बीगल यांची पिल्लं शेजारी ठेवून त्यांच्या रक्तातलं वाढीचं संप्रेरक मोजलं होतं. कोवळ्या वयात ग्रेट डेनच्या पिल्लांमध्ये ते कितीतरी जास्त आणि जास्त काळ स्रवत होतं. म्हणजे मोठ्या जातीचं पिल्लू मुळातच वाढीच्या धडाक्यात असतं; बाहेरून जोर लावायची त्याला गरज नसते. आपल्या लाडांची भर पडते ती या धडाक्यावर.

ही भर काय करते हे पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं ते १९७४ साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. ऑके हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांचे दोन गट केले. दोघांना अन्न एकच, चांगलं सकस. एका गटाला हवं तितकं, दुसऱ्याला पहिल्या गटाने खाल्लं असतं त्याच्या दोनतृतीयांश. पोटभर खाणारी पिल्लं भराभर वाढली आणि त्यांच्यातच हाडांचे विकार जास्त दिसले: मनगटं खचली, पाय फेंगडले, फासळ्यांच्या टोकांना गाठी आल्या, काहींच्या मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येऊन चाल बिघडली. कमी खाणारी पिल्लं दिसायला सामान्य होती, पण त्यांचे पाय सरळ होते. ‘खाऊन-पिऊन सुखी’ पिल्लू आजारी आणि हात राखून खायला घातलेलं पिल्लू निरोगी, हा निष्कर्ष त्या काळी पचायला जड गेला असणार. आजही जातो.

या प्रयोगात एक अडचण होती. पोटभर खाणाऱ्या पिल्लांच्या पोटात सगळंच जास्त गेलं होतं: ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस. दोषी कोण हे त्यावरून सांगता येत नव्हतं. लोकांनी मात्र प्रथिनांना दोषी ठरवून टाकलं. ‘जास्त प्रोटीन दिलं तर हाडं बिघडतात’ हा समज इतका घट्ट बसला की मोठ्या पिल्लांना मांस-अंडी तोडणारे मालक अजून भेटतात. उट्रेख्तच्याच मंडळींनी १९९१ साली हा प्रश्न तडीला नेला. ग्रेट डेनच्या पिल्लांना सारख्याच ऊर्जेचं, पण सुमारे १५, २३ आणि ३२ टक्के प्रथिनांचं अन्न दिलं. हाडांच्या विकारांत फरक पडला नाही. सर्वांत कमी प्रथिनांच्या गटाचं वजन तेवढं मागे राहिलं. प्रथिनं निर्दोष सुटली, आणि राहिले ऊर्जा आणि कॅल्शियम.

कॅल्शियमची गोष्ट त्याआधीच, १९८५ मध्ये, हर्मन हाझेविंकल यांच्या प्रयोगांतून पुढे आली होती. ग्रेट डेनच्या काही पिल्लांना १.१ टक्के कॅल्शियमचं अन्न दिलं, काहींना ३.३ टक्क्यांचं. जादा कॅल्शियमवाल्या पिल्लांच्या सांध्यांतल्या आणि चकत्यांतल्या कूर्चेचं हाडात रूपांतर होणंच बिघडलं. हाडांची घडण आणि परिपक्वता रेंगाळली. कारण असं की मोठा कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतो आणि बाकीचं सोडून देतो, पण कोवळ्या पिल्लाचं आतडं हे दार अजून लावू शकत नाही. पहिल्या पाच-सहा महिन्यांत पोटात जितकं जास्त जाईल तितकं जास्त रक्तात उतरतं. ते रक्तात साचू नये म्हणून शरीर हाड झिजवणाऱ्या पेशींना थोपवतं. हाड वाढताना एका बाजूने झिजत आणि दुसऱ्या बाजूने भरत आकार घेतं. झिजणं थांबलं की आकार घेणंही थांबतं. म्हणून कॅल्शियम जास्त झालेल्या पिल्लाचा पाय कॅल्शियम कमी पडलेल्या पिल्लासारखाच वाकडा दिसू शकतो. आणि मग त्यावर उपाय म्हणून आणखी कॅल्शियम दिलं जातं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हे सगळं डॉग फूड खाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचं झालं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पिल्लू पोळी-दूध, दहीभात किंवा चिकन-भातावर वाढतं, आणि तिथे कॅल्शियम खरोखरच कमी पडतं. हे पूर्ण खरं आहे. हाडाविना नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, तर पिल्लाला फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं अधिक कॅल्शियम हवं असतं. तफावत पडली की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांमधून ते ओढून काढतं. हाडं पातळ होतात, वाकतात, साध्या उडीनेही मोडतात. दुधाने हा खड्डा भरेल असं वाटतं, पण हिशोब करून बघावा. पंधरा किलोंच्या वाढत्या पिल्लाला रोज चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. लिटरभर गाईच्या दुधात सव्वा ग्रॅम असतं. म्हणजे तीन लिटरांहून अधिक दूध पाजावं लागेल, आणि तितक्या दुधाने कॅल्शियमआधी जुलाब येतील. अशा घरात कॅल्शियम वरून द्यायलाच हवं, मात्र अन्नाचा हिशोब करून, पशुवैद्याने ठरवलेल्या मापात. बिघडतं ते दोन्ही मार्ग एकत्र केल्यावर. पिल्लू आधीच संतुलित डॉग फूड खात असतं, वर दुकानदाराने दिलेलं सिरप, शेजाऱ्याने सुचवलेली पावडर आणि आठवड्याला एक हाड. म्हणून ‘कॅल्शियम द्यावं का’ या प्रश्नाला ‘पिल्लू काय खातं’ हे विचारल्याशिवाय उत्तर देणारा माणूस, मग तो कोणीही असो, अंदाजाने बोलत असतो.

याच ओघात उन्हाचा विषय येतो. पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवलं की ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं, ही समजूत तान्ह्या मुलांवरून उचललेली आहे. उट्रेख्तमध्येच १९९४ साली झालेल्या कामाने दाखवलं की कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत हे जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. ऊन पिल्लाला आवडतं, तेव्हा बसू द्यावं, पण त्यावर हाडं सोपवू नयेत. कॅल्शियमच्या सिरपमध्ये बहुधा ‘ड’ जीवनसत्त्वही असतं आणि त्याचा अतिरेक विषारी असतो, हेही बाटली उघडण्याआधी ध्यानात घ्यायला हवं. तयार अन्न घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतली आफको ही मानकं ठरवणारी संस्था एक सोपी खूण देते. प्रौढपणी ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठी ते अन्न योग्य आहे की नाही, हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. अशा पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या अन्नाच्या १.८ टक्के आहे. एरवी ती २.५ टक्के असते. आपल्याकडे मिळणाऱ्या सगळ्याच पिशव्यांवर हा मजकूर नसतो, पण कॅल्शियमचा आकडा शोधला तर बहुतेक ठिकाणी सापडतो.

दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याची खोबण आणि चेंडू नीट न जुळणं, हा आजार आई-बापांकडून येतो. मग खाण्याला कशाला दोष द्यायचा, असं ब्रीडर विचारतात. (आई-बापांचे एक्स-रे दाखवा म्हटल्यावर तेच ब्रीडर खाण्याकडे बोट दाखवतात, हा भाग वेगळा.) आजाराला आनुवंशिक बैठक आहे यात वाद नाही. पण या सांध्याचा दोष घेऊन पिल्लू जन्मत नाही. जन्मतः सांधा जवळजवळ ठाकठीक असतो. सैलपणा आणि बिघाड नंतरच्या महिन्यांत, वजन पडू लागल्यावर येतो. म्हणजे रक्त शक्यता देतं आणि वाढीचा काळ ती प्रत्यक्षात आणतो किंवा टाळतो. याचा सर्वांत भक्कम पुरावा ४८ लॅब्रॅडॉरांवरच्या अमेरिकी अभ्यासातून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, आणि आठव्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊणपट खायला दिलं. दोन वर्षांनी एक्स-रे काढले तेव्हा पोटभर खाणाऱ्या २४ पैकी १६ कुत्र्यांना हिप डिस्प्लेशिया निघाला, कमी खाणाऱ्या २४ पैकी सात जणांना. आई-बाप तेच, घर तेच, अन्न तेच. फरक फक्त मापाचा. हे कुत्रे पुढे आयुष्यभर पाहिले गेले आणि २००२ साली अंतिम हिशोब प्रसिद्ध झाला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. हा अभ्यास केला होता प्युरिना या कुत्र्यांचं अन्न विकणाऱ्या कंपनीने. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या संशोधनाकडे संशयाने बघावं हे बरोबरच, पण ‘आमचं अन्न कमी घाला’ असा निष्कर्ष निघतो तेव्हा तो संशय थोडा सैल करायला हरकत नाही.

पुराव्याच्या मर्यादा मात्र मान्य करायला हव्यात. यातले पायाभूत प्रयोग मोजक्या कुत्र्यांवर झालेले आहेत, आणि जवळजवळ सगळे ग्रेट डेन आणि लॅब्रॅडॉर या दोनच जातींवर. ग्रेट डेन हे टोकाचं उदाहरण आहे. त्याला जे सोसत नाही ते ३० किलोंच्या जर्मन शेफर्डला तितकंच बाधेल असं नाही. एखाद्या मालकाने दोन चमचे सिरप जास्त दिलं म्हणून पिल्लू लंगडं होईल असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. प्रयोगांतले डोस मोठे होते आणि काळ लांब होता. तरीही दिशा सगळीकडे एकच आहे. वाढ मंदावल्याने हाडं बिघडली असं दाखवणारा तोडीचा पुरावा, अन्न संतुलित असताना, पुढे आलेला नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणूनच सर्वांत चिवट आहे: कमी खायला घालणं म्हणजे उपाशी मारणं, आणि कमी खाल्लं तर उंची खुंटेल. माफक कपातीने उंची खुंटत नाही. ती गाठायला वेळ जास्त लागतो. उपासमार आणि हात राखणं यांतला फरक डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतो. पिल्लाच्या फासळ्या दिसायला नकोत, पण हात फिरवल्यावर पातळ थराखाली सहज मोजता याव्यात. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली असावी. पशुवैद्य नऊ अंकी मोजपट्टी वापरतात, तिच्यावर मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाने चार-पाचवर असावं. या बाबतीत आपली नजर जातीप्रमाणे बदलते. लातूर-सोलापूरकडचा कारवानी कुत्रा सडसडीत असला, फासळ्यांची रेघ दिसली, तरी त्याला कोणी उपाशी म्हणत नाही. पळणाऱ्या कुत्र्याचं अंग असंच असतं हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची कंबर दिसली की मात्र पाहुणे विचारतात, आजारी आहे का? लॅब्रॅडॉर गोलमटोल असावा हे आपण फोटोंवरून आणि लठ्ठ लॅब्रॅडॉर बघून ठरवलेलं आहे.

खाण्याइतकाच गोंधळ व्यायामाबद्दल आहे. ‘वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटं चालवा’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण त्याच्यामागे एकही प्रयोग नाही. खरा आधार आहे तो नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांच्या पाहणीचा. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांना पुढे हिप डिस्प्लेशियाचा धोका जास्त होता. त्याच काळात मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याविना हुंदडणाऱ्या पिल्लांना कमी. शेतावर जन्मलेली पिल्लंही फायद्यात होती. म्हणजे पिल्लाला बांधून ठेवणं हे संरक्षण नव्हे. त्याला स्वतःच्या मर्जीने पळू द्यावं, थांबू द्यावं, बसकण मारू द्यावी. जोराचं, एकसारखं, माणसाच्या मर्जीचं श्रम तेवढं टाळावं: मोटारसायकलमागे पळवणं, चेंडूसाठी पन्नास वेळा उडी मारायला लावणं, मालकाच्या जॉगिंगला जुंपणं. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे अवघड आहे हे कबूल. तिथे जमीन म्हणजे गुळगुळीत फरशी, मैदान म्हणजे पार्किंग आणि लिफ्ट बंद पडली की तीन मजल्यांचा जिना. तीस किलोंच्या पिल्लाला कडेवर घेता येत नाही, पण आठ-दहा किलोंच्या पिल्लाला येतं, आणि नॉर्वेच्या पाहणीतला धोका त्याच कोवळ्या महिन्यांचा आहे. घरातल्या फरशीवर जुन्या सतरंज्या किंवा रबरी चटया टाकणं हा स्वस्त उपाय आहे.

लंगडणारं प्रत्येक पिल्लू व्यायामाने किंवा पडून लंगडत नसतं, हेही इथेच सांगायला हवं. जर्मन शेफर्डमध्ये विशेष दिसणारा पॅनोस्टायटिस आज या पायात तर महिन्याने त्या पायात दुखतो आणि वाढ सरत आली की आपोआप थांबतो. ग्रेट डेनमध्ये तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मनगटाच्या वर सूज, ताप आणि उभं राहवेना, असा वेगळाच आजार असतो. खांद्यात किंवा कोपरात कूर्चेचा तुकडा सुटणं हे तिसरं. तिन्हींचं वय जवळपास एक आणि लक्षण एक, पण उपचार सर्वस्वी निराळे; त्यामुळे एक्स-रेशिवाय निदान करू नये आणि माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये.

नसबंदीच्या वयाचा प्रश्न अलीकडे या चर्चेत आला. वाढीच्या चकत्या बंद करण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. ती लवकर काढून टाकली तर चकत्या उशिरा मिटतात आणि हाडं थोडी जास्त लांबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्क्यांना हिप डिस्प्लेशिया होता, न केलेल्यांच्या दुप्पट. २०२० साली त्याच गटाने ३५ जाती पाहिल्या, आणि चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं. लहान जातींत सांध्यांचा धोका वाढला नाही, बऱ्याच मोठ्या जातींत वाढला, पण सर्वांत अजस्र अशा ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंडमध्ये वाढ दिसली नाही. ‘मोठी जात, म्हणून उशिरा’ असं सरसकट सूत्र त्यामुळे टिकत नाही. जात आणि लिंग पाहून ठरवावं लागतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीला मात्र हा मुद्दा लावू नये. तिथे प्रश्न वेगळा आहे, आणि पकडलेला कुत्रा वर्षभराने पुन्हा हाती लागेल याची खात्री कोण देणार?

आता स्वभावाकडे वळू, कारण आकाराची फसवणूक इथे जास्त सूक्ष्म आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत बरीच वर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली जो ग्रंथ काढला, त्यातली वयाची चौकट आजही वापरात आहे. पहिले दोन आठवडे पिल्लू आंधळं-बहिरं आणि पूर्ण परावलंबी असतं; तिसऱ्या आठवड्यात डोळे-कान कामाला लागतात; तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जग कोणाकोणाचं आहे, कोणाला भ्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरतं. या वेळापत्रकावर अंगाच्या आकाराचा परिणाम जवळजवळ नसतो. सेंट बर्नार्डचं सहा आठवड्यांचं पिल्लू पॉमेरेनियनच्या प्रौढ कुत्र्याहून मोठं दिसत असलं, तरी मनाने ते सहा आठवड्यांचंच असतं. आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणं सर्रास चालतं, आणि मोठ्या जातीत तर ‘बघा किती मोठं आहे, आईला सोडायला तयार आहे’ हे कारणही हाताशी असतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला मनाई केलेली आहे. इटलीतल्या एका अभ्यासात, तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये, दोन महिन्यांनी तोडलेल्यांच्या तुलनेत, भीती, नाहक भुंकणं, वस्तूंची नासधूस, खाण्यावरून गुरगुरणं हे सगळं अधिक आढळलं. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. सात किलोंच्या कुत्र्यात ही उणीव खपून जाते. पन्नास किलोंच्या कुत्र्यात तिचं पर्यवसान कुत्रा सोडून देण्यात होतं.

याच आठवड्यांत पिल्लाला बाहेरच्या जगाची ओळख व्हायला हवी. याला आडवा येणारा आक्षेप डॉक्टरांचाच असतो: लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सोळाव्या आठवड्यापर्यंत, पिल्लाला बाहेर काढू नका. पार्व्हो विषाणूने मरणारी पिल्लं त्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे हा सल्ला उडवून लावण्यासारखा नाही. पण सोळाव्या आठवड्याला ओळखीची ती खिडकी बंद झालेली असते. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच यावर भूमिका घेतली, की पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने स्वच्छ जागी, लसी झालेल्या कुत्र्यांच्या सहवासात पिल्लांना न्यावं. आपल्या रस्त्यांवर स्वच्छ जागेची अट पाळणं कठीण. तेव्हा मधला मार्ग असा की पिल्लाला जमिनीवर न सोडता जग दाखवावं: कडेवर घेऊन बाजाराचा आवाज, गाडीतून रिक्षा-टेम्पो, घरी येणारी लहान मुलं, छत्रीवाला, हेल्मेटवाला. मोठ्या जातीच्या बाबतीत ही घाई योग्यच आहे, कारण कडेवर घेता येण्याचा काळ दोन महिन्यांत संपतो.

मग आठव्या महिन्याच्या आसपास ते वळण येतं जिथे बरेच मालक हात टेकतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अंधांसाठी तयार होणाऱ्या लॅब्रॅडॉर, गोल्डन आणि त्यांच्या संकरांवर केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचव्या महिन्यात ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकताना दिसली, आणि त्याच वेळी परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शिकवलेलं विसरलेलं नव्हतं. वर्षाच्या सुमारास पुष्कळसं पूर्ववत झालं. पंचवीस किलोंचं, पूर्ण कुत्र्यासारखं दिसणारं जनावर हाक मारल्यावर उलट्या दिशेने जातं तेव्हा मालकाला त्यात उद्धटपणा दिसतो, आणि साखळी, मार, गच्चीवर एकटं बांधणं सुरू होतं. हाच कुत्रा सात किलोंचा असता तर सगळे हसले असते.

शरीराच्या वाढीवर नजर ठेवायला मुलांच्या दवाखान्यात असतो तसा तक्ता कुत्र्यांसाठी बराच काळ नव्हता. तो २०१७ साली आला. वॉल्थम या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या निरोगी कुत्र्यांच्या वजनाच्या नोंदींवरून नर-मादींसाठी वेगवेगळे तक्ते बनवले आणि ते मोफत खुले केले. पिल्लू आपल्या रेषेच्या आसपास चढत राहिलं तर ठीक; दोन रेषा ओलांडून वर निघालं तर माप थोडं कमी करायचं, खाली घसरलं तर डॉक्टरांकडे जायचं. मात्र पुरेशा नोंदी नसल्याने हे तक्ते प्रौढपणी ४० किलोंपर्यंत भरणाऱ्या कुत्र्यांपुरतेच आहेत. ज्या पिल्लांच्या वाढीवर लक्ष ठेवणं सर्वांत निकडीचं, त्या ग्रेट डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्डांसाठी त्यात रेषाच नाही, आणि भारतात वाढलेल्या कुत्र्यांच्या नोंदी त्यात धरलेल्या नाहीत. आपल्याकडच्या दवाखान्यांत पिल्लाचं वजन लसीच्या कार्डावर लिहिलं जातं, आणि कार्ड मालकाबरोबर घरी जातं. त्या नोंदी एकत्र ठेवायला फारसा खर्च येणार नाही. तोवर ग्रेट डेन पाळणाऱ्याला दर पंधरवड्याचं वजन, फासळ्यांवरचा हात आणि जन्मतारीख एवढ्यावरच भागवावं लागेल.